सायनसच्या शस्त्रकर्मानंतर : आपले कर्तव्य

‘ऑपरेशन करूनही सर्दी गेली नाही,’ अशी तक्रार घेऊन जळगाव-धुळे परिसरातील रुग्ण, विशेषतः कापसाच्या जिनिंगच्या हंगामात, आपल्याकडे येतात. शस्त्रकर्म फसले, असा निष्कर्ष आपण घाईने काढू नये. दुर्बिणीच्या साहाय्याने सायनसची मुखे मोकळी होतात; श्लेष्मल त्वचेची शोथप्रवृत्ती मात्र उरते. बेल्जियममधील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२ वर्षांनंतर तपासलेल्या नासार्शाच्या ३८ रुग्णांपैकी ३० जणांत व्याधीचा पुनरुद्भव झाला व १४ जणांना पुन्हा शस्त्रकर्म करावे लागले. तरीही लक्षणे पूर्वीपेक्षा कमीच राहिली. सुश्रुताचार्यांनी दुष्ट प्रतिश्याय कृच्छ्रसाध्य मानला, तो उगीच नव्हे.

म्हणून धूळ टाळणे, लवणजलाने नासाप्रक्षालन व नियमित तपासणी यांवर आपण भर द्यावा. शल्यचिकित्सकाने दिलेला स्टेरॉइड फवारा परस्पर बंद करू नये. जखम भरल्याची खात्री झाल्यावर, त्यांच्या संमतीनेच नस्य योजावे. डोळ्यावर सूज, दृष्टिमांद्य, तीव्र शिरःशूल किंवा एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही नाक तात्पुरते मोकळे करणारे थेंब महिनोन्महिने देऊ नयेत. त्यांच्या अतिवापराने नाक अधिकच चोंदते.

शस्त्रकर्म ही चिकित्सेची समाप्ती नव्हे; पुढील अनेक वर्षांची देखरेख आपल्याच हाती असते.