एक खेळाडू, दोन मैदाने : निवड केव्हा आणि कशाची?

खास प्रतिनिधी

तेल्हारा : पावसाळा ओसरला की वऱ्हाडातील शाळांची मैदाने जागी होतात. शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि तेल्हारा, अकोटसारख्या तालुक्यांच्या ठिकाणी एक दृश्य हमखास दिसते. सकाळी कबड्डीच्या चढाया करणारा मुलगा दुपारी क्रिकेटच्या मैदानावर नवा चेंडू हाती घेऊन धावत येतो. सायंकाळी तोच खो-खोच्या संघातही असतो. शाळेला त्याचा अभिमान असतो, क्रीडाशिक्षकांना आधार असतो. दहावी जवळ आली की मात्र घरात प्रश्न उभा राहतो. दोन्ही खेळ सांभाळता येतील का? की एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होईल?

हा प्रश्न केवळ तेल्हाऱ्याचा नाही. अमेरिकेत तो दरवर्षी नव्याने चर्चिला जातो. तेथील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये संघाचे सूत्रसंचालन करणारा क्वार्टरबॅक बेसबॉलही तितक्याच यशस्वीपणे खेळू शकेल काय, यावर वृत्तपत्रांचे रकाने भरतात. तेथे पणाला लागलेली रक्कम लाखो डॉलरची असते, येथे पणाला लागते ते एखाद्या शेतकरी कुटुंबातील मुलाचे नोकरीचे स्वप्न. मूळ प्रश्न मात्र एकच आहे.

नाटेकरांचा धडा

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर नंदू नाटेकर यांच्या कारकिर्दीत सापडते. १९३३ मध्ये सांगलीत जन्मलेले नाटेकर प्रथम टेनिसपटू होते. १९५१-५२ च्या सुमारास कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत त्यांनी मजल मारली. तेथे त्यांच्यासमोर होते रामनाथन कृष्णन. त्या पराभवानंतर नाटेकर पूर्णपणे बॅडमिंटनकडे वळले. पुढे १९५३ ते १९६५ या काळात त्यांनी राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद सहा वेळा पटकावले. १९५६ मध्ये मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचे नाव होते. २०२१ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

दोन्ही खेळांत रॅकेट आणि जाळे असले, तरी ते दिसतात तेवढे सारखे नाहीत. टेनिसची रॅकेट साधारण ३०० ग्रॅमच्या आसपास असते, तर बॅडमिंटनची १०० ग्रॅमहूनही हलकी. टेनिसचा चेंडू ५६ ग्रॅमहून जड, तर बॅडमिंटनचे फूल जेमतेम पाच ग्रॅमचे. टेनिसमध्ये चेंडूला एक टप्पा घेऊ देता येतो. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला टेकले की गुण गेलाच. टेनिसच्या फटक्यात खांदा आणि सारे शरीर राबते, बॅडमिंटनमध्ये अखेरच्या क्षणी मनगट आणि हाताचा खालचा भाग निर्णय करतो. टेनिसने नाटेकरांना हालचाल, अंदाज आणि सामन्याचा दबाव पेलण्याची सवय दिली. ज्या मनगटी कौशल्यासाठी ते ओळखले गेले, ते त्यांना नव्या खेळात घडवावे लागले. महत्त्वाचे हे, की निवड झाल्यावर त्यांनी दोन दगडांवर पाय ठेवला नाही.

अलीकडचे उदाहरण मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जचे. वयोगटातील क्रिकेटबरोबरच ती महाराष्ट्राच्या वयोगटातील हॉकी संघांतूनही खेळली. २०१७ मध्ये १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ धावा केल्या आणि तिचा मार्ग स्पष्ट झाला. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावांची खेळी केली, ती साऱ्या देशाने पाहिली. लहानपणी हॉकी खेळल्याने तिच्या क्रिकेटचे नुकसान झाले, असे कोणी म्हणणार नाही.

वेळापत्रकाचा अडसर

दोन खेळांत अडसर येतो तो बहुधा शरीराचा नव्हे, तर वेळापत्रकाचा. याची दोन भारतीय उदाहरणे परस्परविरुद्ध टोकांची आहेत.

मद्रासचे एम. जे. गोपालन क्रिकेट आणि हॉकी दोन्हींत देशाच्या पातळीवर पोहोचले होते. १९३४ मध्ये रणजी करंडकाचा पहिला चेंडू त्यांनीच टाकला. १९३५ मध्ये ध्यानचंद यांच्यासमवेत ते भारतीय हॉकी संघातून न्यूझीलंडला गेले. १९३६ मध्ये मात्र एकाच उन्हाळ्यात बर्लिन ऑलिम्पिक आणि क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा आला. गोपालन यांनी क्रिकेट निवडले. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही आणि हॉकी संघ सुवर्णपदक घेऊन परतला. त्यांच्या नावावर १९३४ मधील कलकत्त्याची एकच कसोटी राहिली.

याउलट चुनी गोस्वामी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. पुढे त्यांनी बंगालच्या क्रिकेट संघाचेही नेतृत्व केले आणि १९७१-७२ च्या हंगामात संघाला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात नेले. तेथे मुंबईने बंगालला हरवले. कलकत्त्याचा फुटबॉल हंगाम उन्हाळा-पावसाळ्यात रंगे आणि क्रिकेट हिवाळ्यात. दोन खेळ एकमेकांच्या वाटेत फारसे आले नाहीत. गुणवत्ता दोघांकडेही होती. गोस्वामी यांना दिनदर्शिकेने साथ दिली, गोपालन यांना ती मिळाली नाही.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत ही दिनदर्शिका अधिक कठोर आहे. तेथील प्रमुख बेसबॉल लीगमध्ये एका संघाला एका हंगामात १६२ सामने खेळावे लागतात. वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. व्यावसायिक फुटबॉलचा सराव जुलैअखेरीस सुरू होतो. म्हणजे बेसबॉलचा हंगाम ऐन भरात असताना फुटबॉलचा संघ खेळाडूला बोलावतो.

तरीही काहींनी दोन्ही साधले. बो जॅक्सन १९८९ मध्ये बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि फुटबॉलमध्येही चमकला. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉलच्या मैदानावर त्याच्या कमरेच्या सांध्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याचे फुटबॉल तेथेच संपले. डिऑन सँडर्स हा बेसबॉलची वर्ल्ड सिरीज आणि फुटबॉलचा सुपर बाऊल या दोन्हींत खेळलेला एकमेव खेळाडू. मात्र या दोघांपैकी कोणीही क्वार्टरबॅक नव्हता, आणि हे योगायोगाने घडलेले नाही. चेंडू घेऊन पळणारा किंवा प्रतिस्पर्ध्याला अडविणारा खेळाडू उशिरा संघात येऊन आपली धाव दाखवू शकतो. क्वार्टरबॅकला संघाचे शेकडो डावपेच तोंडपाठ असावे लागतात आणि सहकाऱ्यांशी महिनोन्महिने ताळमेळ जुळवावा लागतो. अर्धे वर्ष दुसऱ्या मैदानावर घालविणारा सेनापती कोणत्याही संघाला परवडत नाही.

म्हणूनच दोन्ही खेळांत निपुण असलेले क्वार्टरबॅक अखेरीस एकाची निवड करतात. जॉन एल्वेने १९८२ मध्ये यँकीजच्या कनिष्ठ संघाकडून ४२ सामने खेळून उत्तम फलंदाजी केली. पुढच्या वर्षी फुटबॉलमध्ये त्याची पहिल्या क्रमांकावर निवड झाली, तेव्हा नको असलेल्या संघाला नकार देण्यासाठी बेसबॉलचा पर्याय त्याच्या कामी आला. तो डेन्व्हरला गेला आणि त्याने दोन सुपर बाऊल जिंकले. रसेल विल्सननेही कनिष्ठ बेसबॉलमध्ये दोन उन्हाळे काढून फुटबॉल निवडले. कायलर मरे याला २०१८ मध्ये ओकलंडच्या बेसबॉल संघाने नवव्या क्रमांकावर निवडले आणि २०१९ मध्ये ॲरिझोनाच्या फुटबॉल संघाने पहिल्या क्रमांकावर. त्याने फुटबॉलचा मार्ग धरला.

उलट दिशेचा प्रवास अधिक खडतर ठरला. महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान मिळविलेला क्वार्टरबॅक टिम टिबो २०१६ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी बेसबॉलकडे परतला. शालेय जीवनानंतर त्याने हा खेळ नियमित खेळलेला नव्हता. प्रमुख लीगच्या एक पायरी खालपर्यंत तो पोहोचला, पण तेथे शंभर प्रयत्नांत त्याचे जेमतेम १६ फटके यशस्वी होत. २०२१ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. बास्केटबॉलचा सम्राट मायकेल जॉर्डन यालाही १९९४ मध्ये कनिष्ठ बेसबॉलमध्ये शंभरात सुमारे २० च्या पुढे जाता आले नाही.

फेकणारा हात, मारणारा डोळा

या अपयशामागे एक साधे गणित आहे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा आणि फलंदाज यांच्यातील अंतर १८.४४ मीटर असते. ताशी १५० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू हे अंतर सुमारे चार दशांश सेकंदात कापतो. चेंडू कोठे पडणार हे ओळखणे, मारायचा की सोडायचा ते ठरविणे आणि बॅट फिरविणे, हे सारे तेवढ्यात उरकावे लागते. येथे ताकद दुय्यम ठरते. गोलंदाजाच्या हाताची हालचाल पाहून पुढचे ओळखणारी नजर लागते आणि ती हजारो चेंडू खेळूनच तयार होते. मध्ये दहा वर्षांचा खंड पडला तर ती उसनी आणता येत नाही.

चेंडू फेकण्याचे किंवा टाकण्याचे कौशल्य मात्र तुलनेने उशिराही घडविता येते. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू. २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवड झाल्यावर काही महिन्यांतच अमेरिकेतील पिट्सबर्ग संघाने त्यांना करारबद्ध केले. ते प्रमुख लीगपर्यंत गेले नाहीत, तरी फेकणारा हात दुसऱ्या खेळात काही अंतर चालून जातो, हे त्यांनी दाखविले. आपल्या विदर्भाचा उमेश यादव हे याहून जवळचे उदाहरण. टेनिस चेंडूवर खेळणारा हा तरुण विशीच्या उंबरठ्यावर चामड्याच्या चेंडूकडे वळला. २००८ मध्ये रणजी आणि २०११ मध्ये कसोटी खेळून तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू ठरला. वेगवान गोलंदाज असा उशिरा मिळू शकतो. त्याच वयात फलंदाजी नव्याने शिकून कसोटीपर्यंत जाणे जवळपास अशक्य आहे.

तेल्हाऱ्याच्या मुलाने काय करावे?

या अनुभवांतून पालकांना आणि शिक्षकांना उपयोगी पडतील असे काही निष्कर्ष निघतात.

पहिला, लहान वयात अनेक खेळ खेळणे हिताचेच आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणे १५-१६ वर्षे वयापर्यंत लांबणीवर टाकल्यास दुखापती आणि खेळाचा उबग टळतो. वऱ्हाडाला हे नवे नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला नेलेले पथकही एका खेळाचे नव्हते. तेथे त्याने अनेक भारतीय खेळ आणि व्यायामप्रकार सादर केले.

दुसरा, खेळांची जोडी विचारपूर्वक लावावी. खो-खो, आट्यापाट्या आणि कबड्डी यांत पायांची चपळता आणि हुलकावणी समान आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल तर सख्खी भावंडे. अशा जोड्या एकमेकींना पोसतात. मात्र दोन्ही खेळांचा ताण एकाच सांध्यावर येत असेल, उदाहरणार्थ गोलंदाजी आणि भालाफेक, तर विश्रांतीचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. आठवड्यातून किमान एक दिवस खांद्याला पूर्ण सुट्टी हवी.

तिसरा, बॅट किंवा रॅकेटचा खेळ सोडून पुन्हा धरता येईल, या भरवशावर राहू नये. दोहोंपैकी एक असा असेल, तर त्याचा सराव खंडित होऊ न देणे श्रेयस्कर.

चौथा निष्कर्ष व्यवहाराचा आहे आणि ग्रामीण कुटुंबांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. राज्यातील सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याची पात्रता प्रमाणपत्रांच्या संख्येवर ठरत नाही. स्पर्धा कोणत्या स्तरावरची आणि क्रमांक कितवा, हे तेथे पाहिले जाते. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढताना दोन खेळांच्या निवडचाचण्या एकाच आठवड्यात आल्या, की एक सोडावी लागते. दोन खेळांत जिल्ह्यापर्यंत पोहोचलेल्या मुलापेक्षा एकाच खेळात राज्याचे पदक मिळविलेला मुलगा या व्यवस्थेत पुढे निघून जातो. कपाटातील प्रमाणपत्रांची चळत अर्ज भरताना कामी येत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते.

तेव्हा दोन मैदाने गाजविता येतात काय, याचे उत्तर ‘होय, पण एका वयापर्यंत’ असे आहे. नाटेकरांनी टेनिस सोडले, तेव्हा टेनिसची वर्षे वाया गेली नाहीत. पुढे त्यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, ते टेनिसमध्येच. तेल्हाऱ्याच्या मैदानावरील मुलाने आठवीत दोन्ही खेळ मनसोक्त खेळावेत. दहावीनंतर मात्र त्याने, त्याच्या शिक्षकांनी आणि आई-वडिलांनी एकत्र बसून वर्षभराचे वेळापत्रक समोर ठेवावे आणि निर्णय घ्यावा. तो निर्णय निवडचाचणीच्या आदल्या रात्रीवर सोडू नये.