आजोबा-नातवंडांना एकाच गाडीत बसवणारं विज्ञान

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम शहरात डिस्नेलँडच्या मधोमध जो किल्ला उभा आहे, त्याची उंची फक्त 77 फूट आहे. म्हणजे साधारण सात मजली इमारतीएवढी. तरीही प्रवेशद्वारातून आत आलेल्या माणसाला तो त्याहून कितीतरी उंच वाटतो. याचं कारण त्याच्या दगडांत आहे. पायथ्याशी दगड मोठे आहेत आणि वर जाताना ते क्रमाक्रमाने लहान होत जातात. खिडक्या आणि मनोरेही तसेच लहान होत जातात. भिंतीतले सगळे दगड सारख्याच मापाचे असणार, असं आपला मेंदू गृहीत धरतो. त्यामुळे वरचे लहान दगड लहान न वाटता दूर वाटतात आणि किल्ला आभाळात चढत गेल्यासारखा दिसतो.

अंतर ओळखण्यासाठी मेंदू दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांमधला फरक वापरतो. पण हा फरक जवळच्या वस्तूंपुरताच ठळक असतो. वस्तू लांब गेली की तो नगण्य होतो, आणि मग मेंदू आकार, छाया, रेषांचा उतार अशा खुणांवर भिस्त ठेवतो. चित्रकारांनी आणि नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांनी या खुणा शतकानुशतकं हाताळल्या. डिस्नेलँड उभारणारे बरेच जण चित्रपटाचे सेट रचणारे कलावंत होते. त्यांनी ही विद्या पडद्यावरून उचलली आणि माणसं जिथे चालतात त्या रस्त्यावर आणली. किल्ल्याकडे जाणाऱ्या ‘मेन स्ट्रीट’वरच्या दुकानांचा तळमजला जवळपास खऱ्या मापाचा आहे, वरचे मजले मात्र मुद्दाम कमी उंचीचे ठेवले आहेत. त्यामुळे रस्ता भव्य दिसतो, पण लहान मुलाच्या अंगावर येत नाही.

बाकावरून सुचलेला प्रश्न

वॉल्ट डिस्ने सुटीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायला नेत. मुली घोड्यावर आणि वडील बाकावर, असा तो कार्यक्रम असे. मोठ्यांना आणि मुलांना एकत्र आनंद घेता येईल अशी जागा का नसावी, हा प्रश्न त्यांना तिथे पडला, असं ते पुढे सांगत. त्या काळच्या अमेरिकेतल्या जत्रांमध्ये पाळणे होते, पण सोबत अस्वच्छता आणि बेशिस्तही होती. उलट, कोपनहेगनचं टिव्होली गार्डन्स 1843 पासून फुलझाडं, दिवे, संगीत आणि खेळ यांची नेटकी सांगड घालत आलं होतं. ते पाहून डिस्ने प्रभावित झाले होते.

सुरुवातीला त्यांच्या मनात बरबँकमधल्या स्टुडिओसमोरची छोटीशी जागा होती. ती मिळाली नाही आणि विचारही वाढत गेला. मग 1953 मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडून जागेचा रीतसर अभ्यास करून घेतला. हॅरिसन प्राइस या अर्थतज्ज्ञाने दक्षिण कॅलिफोर्नियाची लोकसंख्या कोणत्या दिशेने सरकते आहे, पाऊस आणि तापमान कसं आहे, नवे महामार्ग कुठून जाणार आहेत, याचा हिशेब मांडला. सगळी बोटं अनाहाइमकडे वळली. तिथल्या संत्र्याच्या बागांची सुमारे 160 एकर जमीन घेतली गेली. पैसा उभा करणं सोपं नव्हतं. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने गुंतवणूक आणि कर्जाची हमी दिली आणि त्या बदल्यात डिस्नेंनी तिच्यासाठी साप्ताहिक मालिका केली. एकूण खर्च 1 कोटी 70 लाख डॉलरपर्यंत पोचला.

पाणी न धरणारी नदी

जुलै 1954 मध्ये काम सुरू झालं आणि उद्घाटनाची तारीख ठरली 17 जुलै 1955. हाताशी जेमतेम एक वर्ष होतं. बांधकामाची सूत्रं अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेल्या रिअर अॅडमिरल जो फाउलर यांच्याकडे होती.

सर्वांत आधी जमिनीचा आकार बदलला गेला. खोदलेली माती वाहून न नेता उद्यानाभोवती तिचा उंच बांध घातला आणि त्यावरून तीन फूट रुंदीच्या रुळांची वाफेची आगगाडी फिरवली. आत उभ्या असलेल्या माणसाला त्यामुळे बाहेरचे रस्ते, मोटारी, विजेचे खांब दिसेनासे झाले. प्रवेशद्वार एकच ठेवलं. तिथून मेन स्ट्रीटने मधल्या चौकात यायचं आणि चौकातून वेगवेगळ्या विभागांकडे फुटणारे रस्ते धरायचे. प्रत्येक रस्त्याच्या टोकाला नजर खेचून घेणारं काहीतरी उंच हवं, हा डिस्नेंचा आग्रह होता. किल्ला हे त्यातलं पहिलं. माणूस वाट चुकला तरी परत चौकात येतो, आणि हरवलेल्या मुलाला शोधणंही सोपं जातं.

खरी कसोटी नदीने पाहिली. ‘मार्क ट्वेन’ ही चाकाची आगबोट चालवण्यासाठी कालवा खोदून त्यात पाणी सोडलं, तर ते वाळूच्या जमिनीत मुरून गेलं. वाळूचे कण मोठे असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे पाण्याला आयती वाट मिळते. चिकणमातीचे कण दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. ते एकमेकांवर बसले की पाण्याला इतका वळसा पडतो की गळती जवळपास थांबते. आपल्याकडे मातीच्या धरणाच्या गाभ्यात चिकण माती दाबून भरतात, ती याच गुणासाठी. फाउलर यांनी चिकणमाती मिळवून नदीच्या तळावर तिचा थर दिला आणि नदीने पाणी धरलं. बोटीचा सांगाडा सॅन पेड्रोच्या जहाज कारखान्यात तयार झाला होता, वरचे मजले स्टुडिओत. दोन्ही भाग अनाहाइमला आणून जोडले गेले.

उद्घाटनाच्या दिवशी मात्र निसर्गाने आणि गर्दीने परीक्षा घेतली. पारा 38 अंश सेल्सियसच्या आसपास होता. नुकतंच घातलेलं डांबर उन्हात मऊ झालं आणि स्त्रियांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. प्लंबरांच्या संपामुळे वेळ कमी पडला होता. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं यांतलं एकच काही वेळेत पुरं होणार होतं, तेव्हा डिस्नेंनी स्वच्छतागृहं निवडली. बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आत आले. त्या दिवशीच्या त्रुटी पुढच्या काही आठवड्यांत एकेक करून दुरुस्त झाल्या आणि दोन महिन्यांच्या आत पाहुण्यांचा आकडा दहा लाखांवर गेला.

पोलादी नळीचा डोंगर

14 जून 1959 रोजी इथे मॅटरहॉर्न नावाचा डोंगर खुला झाला. स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं मूळ शिखर 4,478 मीटर उंच आहे, हा त्याचा शंभरावा भाग, म्हणजे 147 फूट. त्याच्या पोटातून धावणारी घसरगाडी हा जगातला पोलादी नळीच्या रुळांवरचा पहिला रोलर कोस्टर मानला जातो. एड मॉर्गन आणि कार्ल बेकन यांच्या ‘अॅरो डेव्हलपमेंट’ने तो घडवला.

त्याआधीचे बहुतेक कोस्टर लाकडी होते. फळ्यांच्या थरांवर लोखंडी पट्टी ठोकून रूळ केलेला असे, त्यामुळे वळणांना मर्यादा येई. गोल नळी कोणत्याही दिशेला वाकवता येते आणि पीळ पडू न देता भार सोसते. नळीला चाकं तीन बाजूंनी धरतात. वरची चाकं वजन पेलतात, बाजूची वळणावर गाडी सांभाळतात आणि खालची चाकं गाडीला रुळावरून उचलली जाऊ देत नाहीत. खालच्या चाकांची कल्पना जॉन मिलर यांची. त्यांनी तिचं पेटंट 1919 मध्येच घेतलं होतं.

एकदा गाडी माथ्यावर नेऊन सोडली की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. उंचीत साठलेली ऊर्जा वेगात बदलते. घर्षण सोडून दिलं तर 20 मीटरच्या उतारानंतर वेग ताशी सुमारे 71 किलोमीटर होतो, मग गाडीत पैलवान बसलेला असो की पोर. प्रत्येक चढावर थोडी ऊर्जा घर्षणात आणि हवेत जाते, म्हणून पुढची टेकडी पहिलीपेक्षा कमी उंच ठेवावी लागते. मॅटरहॉर्नवर मार्गाचे टप्पे पाडून एकाच वेळी अनेक गाड्या सोडण्याची सोय झाली. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी त्यात शिरत नाही, हे रेल्वेच्या सिग्नलचंच तत्त्व. सुरक्षितता आणि लहान रांग ही दोन्ही उद्दिष्टं त्यातून साधली.

1967 मध्ये आलेली ‘ऑम्निमूव्हर’ ही योजना मला याहूनही मोलाची वाटते. त्यात गाड्यांची अखंड साखळी न थांबता फिरते आणि चढण्याची जागा म्हणजे गाडीच्याच वेगाने सरकणारा पट्टा असतो. पट्ट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने गाडीचा सापेक्ष वेग शून्य असतो. त्यामुळे नातीचा हात धरलेले आजोबाही निवांतपणे आत बसतात, आणि तासाला हजारो माणसं पुढे सरकतात. बाकावरून सुचलेल्या प्रश्नाला यंत्राने दिलेलं हे नेमकं उत्तर आहे.

आपल्या दारी

महाराष्ट्रात हा अनुभव 1989 मध्ये गोराईच्या एस्सेलवर्ल्डने आणला. बोटीने खाडी ओलांडून तिथे गेलेल्या मुलांची एक पिढी आज स्वतः पालक आहे. 2013 पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे. तिथला ‘नायट्रो’ कोस्टर पोलादी नळीच्याच घराण्यातला. तिथे मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना पहिली टेकडी सर्वांत उंच का, वळणावर रूळ आत का झुकलेला, चाकं किती बाजूंनी आहेत, हे जरूर विचारा. भौतिकशास्त्राचा इतका जिवंत धडा वर्गात सहसा मिळत नाही.

पण या इतिहासातून घेण्यासारखं याहून मोठं काही आहे. मुलाच्या नजरेला रस्ता किती उंच दिसेल, म्हातारं माणूस गाडीत कसं चढेल, हरवलेलं मूल कुठे सापडेल, स्वच्छतागृह आधी की नळ आधी, या प्रश्नांना तिथे अभियांत्रिकीचा दर्जा मिळाला. आपल्या नगरपालिकांच्या बागा, एसटी स्थानकं, घाट आणि जत्रेची मैदानं यांच्या आराखड्यांत हेच प्रश्न पहिल्या पानावर यायला हवेत. त्यासाठी कोट्यवधींचे पाळणे लागत नाहीत. आराखडा काढणाऱ्याने एकदा मुलाच्या उंचीवर खाली बसून आणि एकदा काठी टेकत चालणाऱ्याच्या चालीने ती जागा पाहिली पाहिजे.