पोकळ गोलाचा हिशेब

एकसमान घनतेचा भरीव गोल बाहेरच्या वस्तूला असा ओढतो, की जणू त्याचे सगळे वस्तुमान केंद्रबिंदूतच साठलेले आहे. न्यूटनने हे १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त सिद्ध केले. एकसारख्या गोलाकार कवचाच्या आत मात्र कुठेही उभे राहिले तरी त्या कवचाची ओढ शून्य भरते, हेही त्याच ग्रंथात आहे. गोलाच्या एका बाजूला पोकळी कोरली, की ही दोन्ही सूत्रे सरळ लागू पडत नाहीत, कारण उरलेला आकार सगळ्या बाजूंनी सारखा राहत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे वजाबाकी. दुकानदार तूप डब्यासकट तोलतो आणि डब्याचे वजन वजा करतो, त्यातलाच हा प्रकार. आधी गोल भरीव आहे असे धरून त्याची ओढ काढायची. मग पोकळीत नेमका बसेल अशा, त्याच घनतेच्या छोट्या गोलाची ओढ काढायची आणि ती पहिलीतून वजा करायची. ओढीला दिशा असते, म्हणून वजाबाकीही दिशेसकट करावी लागते.

पाठ्यपुस्तकांतले नेहमीचे उदाहरण घेऊ. पोकळीची त्रिज्या गोलाच्या त्रिज्येच्या निम्मी आहे आणि ती एकीकडे गोलाच्या केंद्राला, दुसरीकडे पृष्ठभागाला टेकते. घनफळ त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलत असल्याने कोरून काढलेले वस्तुमान एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के. आता पोकळीच्या बाजूला, केंद्रापासून दोन त्रिज्या अंतरावर ओढ मोजली, तर ती भरीव गोलाच्या सात नवमांश भरते, म्हणजे घट सुमारे बावीस टक्क्यांची. विरुद्ध बाजूला तेवढ्याच अंतरावर घट फक्त आठ टक्के. वस्तुमान गेले तेवढेच, पण ते जवळचे होते की लांबचे यावर सगळे अवलंबून आहे. उरलेल्या भागाचे वस्तुमान त्याच्या गुरुत्वमध्याशी एकवटले आहे असे धरण्याचा मोह विद्यार्थ्यांना हमखास होतो. तसे केल्यास पोकळीच्या बाजूचे उत्तर सुमारे पाच टक्क्यांनी जास्त येते.

खरी गंमत पोकळीच्या आत आहे. भरीव गोलाच्या आत ओढ केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते. मोठ्या आणि छोट्या, दोन्ही गोलांना हाच नियम लागू असल्याने वजाबाकीत निरीक्षकाचे स्थान उडून जाते. उरते ते फक्त दोन केंद्रांमधले अंतर. त्यामुळे पोकळीत कुठेही ओढ सारखीच, आणि तिची दिशाही एकच, पोकळीच्या केंद्राकडून मोठ्या गोलाच्या केंद्राकडे. वरच्या उदाहरणात ती भरीव गोलाच्या पृष्ठभागावरील ओढीच्या बरोबर निम्मी येते. दोन्ही केंद्रे एकाच जागी असतील तर ती शून्य होते, म्हणजे न्यूटनचे कवच परत हाती लागते.

जमिनीखालच्या गुहा, जुन्या खाणी शोधायला हीच वजाबाकी वापरतात. घनमीटरला २६०० किलो घनतेच्या खडकात पाच मीटर त्रिज्येची गोल पोकळी असेल आणि तिचे केंद्र दहा मीटर खोल असेल, तर नेमक्या तिच्या वर गुरुत्वाकर्षण सुमारे ९१ मायक्रोगॅलने कमी भरते. एक मायक्रोगॅल म्हणजे दर सेकंदाला, सेकंदाला मीटरचा दहा कोटीवा भाग. ही घट पृथ्वीच्या एकूण ओढीच्या जवळपास एक कोटीवा हिस्सा आहे, तरी चांगले गुरुत्वमापी यंत्र ती टिपते. केंद्र वीस मीटर खोल गेले तर घट चौथाईवर येते. पोकळी पाण्याने भरलेली असेल, तर दहा मीटरवरही घट ५६ मायक्रोगॅलच्या आसपास राहते. लहान उथळ पोकळी आणि मोठी खोल पोकळी एकाच जागी सारखाच आकडा देऊ शकतात. म्हणून आजूबाजूला अनेक ठिकाणी मोजमाप घ्यावे लागते, आणि शेवटी खात्री होते ती तिथे बोअर मारल्यावरच.