निजल्या जागीं भारहीनता

गणेशविसर्जनाच्या दिवशीं कोलशेतच्या खाडींत गळ्याइतक्या पाण्यांत जो कोणी उतरला असेल, त्यास छातीवर दडपण आल्याचें आणि थोड्या वेळानें लघवीची भावना झाल्याचें स्मरत असेल. ही केवळ गारठ्याची करामत नव्हे. आपण उभे असतां गुरुत्वाकर्षणामुळें पुष्कळसें रक्त पायांच्या व पोटाच्या नीलांत साठून राहतें. पाण्याचा दाब बाहेरून पडला कीं त्यांतील सुमारें 700 घन सेंटिमीटर रक्त छातीकडे लोटलें जातें. हृदय भरून येतें, आणि शरीराचा असा समज होतो कीं रक्त फाजील झालें! मग मूत्रपिंडें पाणी बाहेर टाकूं लागतात.

अंतराळांतहि रक्त असेंच वर सरकतें. चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. परंतु प्रत्येक प्रयोगासाठीं माणूस अंतराळांत धाडणें कोणास परवडणार? म्हणून 1970 नंतरच्या दशकांत सोव्हिएत वैद्यकतज्ज्ञांनीं युक्ति योजिली: खाट डोक्याकडे 6 अंश उतरती करावयाची आणि माणसास तीवर अहोरात्र निजवावयाचें. 2019 सालीं जर्मनींतील कोलोन येथें 24 स्वयंसेवकांनीं असे 60 दिवस काढले. जेवण, स्नान, सर्व कांहीं आडवेंच. आळशांनीं हेवा करावा असें हें सुख खास नव्हे.

तथापि खाट म्हणजे अंतराळ नव्हे. निजलेल्याच्या छातीवर पृथ्वीची ओढ राहतेच. 2019 सालींच प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, अंतराळस्थानकावरील 11 जणांपैकीं 6 जणांच्या मानेंतील डाव्या नीलेंत रक्त थबकलेलें किंवा उलट वाहत असलेलें आढळलें, आणि एकास तेथें गुठळीहि झाली होती.

खरी अडचण येते ती पुन्हां उभें राहतांना. रक्तांतील पातळ भाग आधींच घटलेला. उरलेलें रक्त पायांकडे धांवतें, मेंदूस कमी पडतें, आणि घेरी येते. म्हणून परतणाऱ्या अंतराळवीरांस उतरण्यापूर्वीं मीठ व पाणी देतात, पायांस घट्ट वेष्टणें घालतात. दीर्घ दुखण्यांतून उठणाऱ्या आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांची स्थिति थोडीफार अशीच असते. त्यांस एकदम उभें करूं नये. प्रथम खाटेच्या कडेस पाय सोडून बसवावें, पावलें वरखालीं हलवूं द्यावीं, डोळ्यांपुढें अंधारी येत नाहीं ना तें विचारावें, आणि मगच हात धरून उठवावें.