तान्हेपण सरलेल्या मुलाची आई आणि व्यायामाची सवय

दोन वर्षांच्या मुलाच्या आईला सलग तासभर वेळ क्वचितच मिळतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस कायम ठेवताना, प्रत्येक टप्पा निदान १० मिनिटांचा असावा ही जुनी अट वगळली, हे तिच्या दृष्टीने फार मोलाचे ठरते. अपुऱ्या झोपेनंतर निव्वळ उत्साहावर विसंबणे व्यर्थच; त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी मांडलेला ‘अंमलबजावणीचा संकल्प’, म्हणजे ‘अमुक घडले की तमुक करायचे’ हे आधीच ठरवून ठेवणे, अधिक उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, मूल दुपारी झोपले की खरकट्या भांड्यांकडे वळण्याआधी (ती कुठे पळून जात नाहीत) दहा बैठका काढायच्या, आणि संध्याकाळी बागेत बाकावर न बसता त्याच्यामागे भरभर चालायचे.