भरतीच्या आकड्याला लाट समजू नका

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर एक तक्ता फिरू लागतो. जून ते सप्टेंबरमध्ये साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, याचा तो तक्ता असतो. मथळा मात्र बहुतेक वेळा असा असतो की, समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हा मथळा वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात. काहींना वाटते, त्या दिवशी आपल्याकडे पाणी भरणारच. बाकीचे म्हणतात, समुद्र राहिला तिकडे मुंबईत, आपला काय संबंध? दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. भरती, लाटा, वादळ आणि पाऊस या चार निराळ्या गोष्टी आपण एकच मानून बसलो आहोत.

तक्त्यातला आकडा लाटेचा नसून पाण्याच्या पातळीचा असतो. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने सबंध समुद्राची पातळी सुमारे सहा तासांत सावकाश चढते आणि तितक्याच वेळात उतरते. ही उंची मोजतात ती मोठ्या ओहोटीच्या नीचतम पातळीजवळ ठरवलेल्या आधाररेषेपासून. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या रेषेच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती ही नेहमीच्या पातळीपेक्षा सव्वादोन मीटरच्या आसपास चढलेले पाणी झाले. किनाऱ्यावर आदळणारी दीड मजली भिंत नव्हे. याचा पुरावा तक्त्यातच आहे. ज्या गोष्टीची तारीख आणि वेळ वर्षभर आधी छापता येते, ती त्या दिवशीच्या वाऱ्यावर अवलंबून असूच शकत नाही. कोळी बांधवांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. थंडीच्या दिवसांत, समुद्र अगदी शांत असतानाही उधाण येतेच.

लाटांचे गणित वेगळे. वारा किती जोराचा, किती वेळ आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहिला, यावर लाट ठरते. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून शेकडो किलोमीटर अखंड येतो, म्हणून खोल समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा नेहमीच्या असतात. त्यांचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था काही दिवस आधी देते. अंदाजातली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते; एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पटही असू शकते. आणि लाटेला इथलाच वारा लागतो असेही नाही. मे २०२४च्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्याला इशारा दिला गेला तो हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या वादळांतून निघालेल्या लांब लाटांमुळे. अशा वेळी वर आकाश निरभ्र असते आणि पोहायला उतरलेल्यांना धोक्याची कल्पना येत नाही.

यातली लाट ठाणे-कल्याणपर्यंत पोहोचत नाही. खाडी अरुंद, उथळ, वळणांची आणि काठाला तिवरांची, त्यामुळे लाट वाटेतच विरते. पातळी मात्र पोहोचते. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि डोंबिवली, ठाण्यावरून घोडबंदरमार्गे वसईच्या खाडीत समुद्राला मिळते. दुसरीकडून मुंबई बंदराचे पाणी ठाणे खाडीत शिरते. कल्याण हे एके काळी बंदर होते ते याच जोरावर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे आणि शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली ती इथल्याच खाडीत, दुर्गाडीच्या पायथ्याशी. जिथे गलबते येत, तिथे भरतीही येतेच. फक्त मुंबईसाठी छापलेली वेळ इथे जशीच्या तशी लागू होत नाही. खाडीतून आत सरकायला पाण्याला वेळ लागतो.

मग भरतीमुळेच इथे पूर येतो का? २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. ती जागा खाडीच्या कितीतरी वर आहे. तिथले पाणी समुद्राचे नव्हते, घाटमाथ्यावर आणि उल्हासच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचे होते. यावर कोणी म्हणेल, मग भरतीची चिंताच कशाला? चिंता आहे, कारण भरती पूर आणत नसली तरी त्याची वाट अडवते. खाडीची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर गेली की नाल्याचे पाणी तुंबते, आणि उल्हास, काळू, वालधुनीचा लोंढा त्याच वेळी येऊन थडकला तर ते वस्तीत पसरते. मोठी भरती आणि कोरडा दिवस असेल तर काही बिघडत नाही. मध्यम भरती आणि खोऱ्यात अतिवृष्टी असेल तर मात्र घात होतो. खाडीकाठी भराव टाकून आणि तिवरे तोडून आपण पाणी पसरण्याची जागाच कमी केली आहे. त्याचा दोष समुद्राच्या माथी मारणे मला अप्रामाणिक वाटते.

पावसाबद्दलही असाच घोळ आहे. अरबी समुद्र खवळला म्हणून पाऊस वाढतो, असे मानले जाते. बाष्प अरबी समुद्राचे हे खरे, पण ते जोरात ओढले जाते बऱ्याचदा दूर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की. त्याने पश्चिमी वारे बळावतात आणि त्यांनी आणलेले बाष्प सह्याद्रीला अडून कोकणात पाऊस होऊन कोसळते. सोबत गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असला तर जोर आणखी वाढतो.

राहिला चक्रीवादळांचा प्रश्न. ती बंगालच्या उपसागरात, आपल्याकडे नाहीत, ही समजूत आता टिकणारी नाही. उपसागरात त्यांची संख्या आजही जास्त आहे. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार १९८२ ते २०००च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. १७ मे २०२१ला ‘तौक्ते’ मुंबईपासून दूर समुद्रातून पुढे गेले, तरी कुलाब्याला वाऱ्याने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये ही वादळे सहसा होत नाहीत, कारण वरच्या आणि खालच्या थरांतले वारे परस्परविरुद्ध वाहून त्यांची घडण मोडतात. धोका मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. वादळात दाब एक हेक्टोपास्कल घटला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते, शिवाय वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. ही वाढ भरतीच्या तक्त्यात धरलेली नसते.

तेव्हा कल्याण-डोंबिवलीकरांनी मुसळधार पावसाच्या दिवशी आधी हवामान खात्याचा ठाणे जिल्ह्याचा इशारा पाहावा, मग कर्जत-बदलापूरकडचा पाऊस आणि बदलापूरला उल्हासची पातळी, आणि त्यानंतर भरतीची वेळ. आणि वर्तमानपत्रांना विनंती एवढीच की, पुढच्या जूनमध्ये तो तक्ता छापताना मथळ्यातून लाटा काढाव्यात.