ओकच्या पाव इंचाचा हिशेब

बॉस्टनच्या जुन्या तिमजली घरांवर लिहा, असं संपादकांनी कळवलं होतं. एकावर एक तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाला स्वतःचा सज्जा, सगळं बांधकाम लाकडाचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची तीन-चार दशकं कामगारांसाठी आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांसाठी अशी हजारो घरं इथे उठली. त्यांच्यावर लिहिलेलंही भरपूर सापडतं. पण बॉस्टनजवळच्या मॉल्डनमध्ये एका मराठी कुटुंबाने असं घर घेतलं होतं आणि जमीन घासायला माणूस येणार होता. तिथे गेलो, आणि घराचा इतिहास बाजूला राहून त्या माणसाचं काम बघत बसलो.

इथल्या कितीतरी घरांत ओकची जमीन गालिच्याखाली दडलेली असते. दुसऱ्या महायुद्धानंतर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतचे गालिचे स्वस्त झाले, तेव्हा लोकांनी चांगल्या ओकवर खिळे ठोकून ते पसरले. आता नातवंडांच्या पिढीला लाकूड हवंय. गालिचा उचलला की खाली निघते ती काळवंडलेली, खिळ्यांच्या भोकांनी भरलेली, कुठे मांजराच्या मुताने काळी पडलेली जमीन. या घरातली तशीच होती.

कारागीर पन्नाशी ओलांडलेले, व्हिएतनामी. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांपैकी बरेच बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात स्थिरावले आणि जमीन घासण्याच्या धंद्यात त्यांनी जम बसवला. भांडवल म्हणजे दोन यंत्रं आणि एक व्हॅन. इंग्रजी बेताचं असलं तरी काम बोलतं.

यंत्र व्हॅनमध्येच ठेवून ते आधी दारापाशी बसले. उंबरठ्याची पट्टी पटाशीने अलगद उचलली आणि ओकची उघडी पडलेली कड बोटाने चाचपून पाहिली. पट्टी पाऊण इंच जाड असते, पण ती सगळी घासायला मिळत नाही. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ. जीभ शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसते, आणि तिच्या अंगानेच तिरपे खिळे मारलेले असतात. त्या जिभेच्या वरचं लाकूड साधारण पाव इंच. जमिनीचं सगळं आयुष्य त्या पाव इंचात. एका पूर्ण घासणीत इंचाचा बत्तिसावा भाग जातो, आणि हात नवखा असेल तर त्याच्या दुप्पट. म्हणजे शंभर वर्षांची जमीन जन्मात पाच-सहा वेळाच नवी होऊ शकते. त्याहून जास्त घासली की खाचेचा वरचा ओठ कागदासारखा पातळ होऊन तुटतो, खिळे डोकं वर काढतात, आणि मग पट्टी बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. कड पाहून ते म्हणाले, आधी दोनदा घासलेली दिसते, अजून जीव आहे.

मग कापसावर स्पिरिट घेऊन त्यांनी कोपऱ्यात घासलं. जुना थर चिकट होऊन विरघळला: चपडी. पॉलियुरेथेन येण्याआधी अमेरिकेतल्या घरांत चपडी आणि व्हार्निश यांचंच राज्य होतं, आणि चपडीची लाख बव्हंशी आपल्याकडची, छोटा नागपूरच्या जंगलांतली. मॉल्डनच्या त्या कोपऱ्यात बहुधा पळस-कुसुमाच्या फांद्यांवरचीच लाख कापसाला लागली होती, आणि मला ते पाहून फार आनंद झाला.

यंत्र म्हणजे लोखंडी धूड. पुढे आठ इंच रुंदीचा रूळ, त्यावर पॉलिश पेपर, मागे दांडा, दांड्याला रूळ वर-खाली करणारी मूठ. सगळी विद्या त्या मुठीत. रूळ फिरत असताना यंत्र जागेवर उभं राहिलं, अगदी क्षणभर, तर ओकमध्ये आडवी खळगी पडते. ती डोळ्यांना लगेच दिसत नाही. पॉलिश चढल्यावर, संध्याकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आलं की दिसते, आणि मग जन्मभर दिसते. म्हणून आधी पाऊल उचलायचं, मग रूळ टेकवायचा. थांबण्याआधी रूळ उचलायचा, मग पाऊल थांबवायचं. त्यांना बघताना पाऊल कुठे संपतं आणि मूठ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. वेग सावकाश, अखंड, एकसारखा. भाड्याने यंत्र आणून हौसेने घासलेल्या खोलीत आणि अशा हाताखालून गेलेल्या खोलीत फरक पडतो तो इथेच.

पहिला हात ३६ नंबरच्या कागदाचा, पट्ट्यांच्या रेषेशी थोडा तिरका, म्हणजे उंचसखल भाग सारखा होतो. मग ६०, ८०, १००, सरळ रेषेतून. मधला नंबर गाळून चालत नाही. प्रत्येक कागद आधीच्याचे ओरखडे पुसण्यापुरताच असतो. ३६ चे ओरखडे १०० चा कागद पुसू शकत नाही, फक्त चकचकीत करतो. भिंतीलगत हातातलं गोल यंत्र, आणि कोपऱ्यात, रेडिएटरच्या पायांपाशी, गुडघ्यावर बसून पात्याने खरवडणं. दर काही मिनिटांनी कानस काढून ते पात्याला धार लावत. घासलेल्याच ओकचा बारीक भुसा राळेत कालवून फटींची लांबी केली, म्हणजे रंग वेगळा पडत नाही. शेवटी दिवे मालवून बॅटरी जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्या उजेडात एक-एक पट्टी तपासली.

इथवर सगळं कौतुकच. पण या कामात माणसाचं किती जातं हे कळल्यावर कौतुक तेवढंच उरत नाही. ओकची धूळ नाकाच्या कर्करोगाशी जोडलेली आहे. इंग्लंडमध्ये हाय विकम्बच्या फर्निचर कामगारांत डॉक्टरांना हे १९६० च्या दशकात आढळलं, आणि १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, तोही धुळीत मिसळतो. यंत्राची पिशवी भरून तशीच ठेवली तर आतला भुसा आणि जुनं पॉलिश मिळून आपोआप पेट घेऊ शकतात. ती लगेच बाहेर, पत्र्याच्या डब्यात रिकामी करायची असते. लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचंही तेच. वाळताना तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, उष्णता सुटते, आणि ढिगात ती कोंडून राहते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर अशाच चिंध्यांतून आग भडकली. तिथलं काम जमिनीचं नव्हतं, भिंतींवरच्या लाकडाचं होतं. तीन अग्निशामक जवान त्यात गेले.

बॉस्टनची गोष्ट अधिक जवळची. इथे पहिल्या थराला लॅकर वापरायची पद्धत होती. स्वस्त, आणि तासाभरात सुकणारं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरपटत पुढच्या खोलीत, तळघरात जाते. तिथे गिझरची बारीक ज्योत सतत जळत असते. २००४ आणि २००५ मध्ये या भागातल्या दोन घरांत असं काम चालू असताना आगी लागल्या आणि तीन व्हिएतनामी कामगार दगावले. त्यांच्या समाजातल्या संघटनांनी आणि कामगार-आरोग्याच्या कार्यकर्त्यांनी प्रश्न लावून धरला, आणि पुढे मॅसॅच्युसेट्सने सहज पेटणाऱ्या लॅकरच्या व्यावसायिक वापरावर बंदी घातली. हे कारागीर आता पाण्यात मिसळलेलं पॉलिश वापरतात. तरी डबा उघडण्याआधी ते तळघरात गेले, गिझरची ज्योत बंद केली, आणि मगच वर आले.

नव्या पॉलिशमुळेही चिंता पुरती मिटलेली नाही. त्याला कठीणपणा येण्यासाठी जो दुसरा घटक घालतात त्यात बहुधा आयसोसायनेट असतं, आणि ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो. एकदा जडला की थोड्याशा वासानेही झटका येतो, आणि धंदा सोडावा लागतो. साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही, योग्य मास्क दिवसभर लावून यंत्र ढकलणं जिवावर येतं. त्यात घरमालकांना घाई. सामानाचा ट्रक ठरलेला असतो, दोन थरांमध्ये सुकायला द्यायचा वेळ कापला जातो, खिडक्या थंडीमुळे बंद राहतात. लॅकर इतकी वर्षं टिकलं ते याच घाईमुळे. कारागिरांनी या वेळी एवढंच मागितलं की तीन दिवस जास्त द्या आणि खिडक्या उघड्या ठेवू द्या. मॉल्डनच्या त्या कुटुंबाने सोमवारचा ट्रक गुरुवारवर ढकलला.